मेंदी लावलेली कपाळं

ऐन लूज़,
२५ मार्च १९९४

पोरी दोर्साफ,

मी तुझ्याकडे डोळ्यांत घालायचे थेंब मागितले होते. तू कुत्रा पाठवलास.

गाडी दारात थांबली तेव्हा निम्मं गाव गोळा झालं. त्यांना वाटलं, ट्यूनिसच्या नातीनं म्हातारीला कपडे धुवायचं यंत्र पाठवलं. तुमच्या त्या डॉक्टर लामीननं मागचं दार उघडलं, आणि आतून हा उतरला. पिवळट, अर्ध्या कानाचा, सासरी आलेल्या नवरीसारखा खाली मान घालून. शेजारची मबरूका म्हणाली, "उम्मी हल्लूमा, सी सालह जाऊन पुरता हिवाळा सरला नाही, आणि तुझ्या दारात नवा पुरुष?" मी म्हटलं, "हा निदान रोज जेवताना मीठ कमी म्हणणार नाही."

तू प्राण्यांच्या आश्रयघरात काम करतेस हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. नात दवाखान्यात आहे, एवढंच सांगते. कुणाच्या दवाखान्यात, हे कुणी विचारेपर्यंत ते खोटं होत नाही. आता मात्र सगळ्यांना कळलं. तुझ्या बापानं तुला एवढं शिकवलं ते दुसऱ्यांच्या कुत्र्यांना आंघोळ घालायला, यावर विहिरीपाशी चार दिवस चर्चा चालू आहे म्हणे. मी तुझ्या आजाच्या इद्दतीत आहे, विधवेनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून मला फक्त उष्टी चर्चा मिळते.

(लेखनिकाची टीप: मी, मशिदीत मुलांना पढवणारा अम्मार, हे पत्र उम्मी हल्लूमा सांगतील तसं लिहितो आहे. मजकुराशी मी सहमत आहे असं समजू नये.)

लामीननं दाखवलं, हात वर केला की हा बसतो. अगं, आमच्याकडे हात वर झाला की कुत्रं पळतं, पोरं पळतात, तुझा आजासुद्धा पळायचा. हा शहाणा बसतो आणि तोंडाकडे टक लावून बघतो, जणू तुम्ही दोघं भांडून आलात आणि आता यानं निवाडा द्यायचा आहे. म्हणून मी त्याला काझी म्हणते. अम्मारचा या नावाला विरोध आहे. विरोध कर, म्हटलं, पण अक्षर नीट काढ.

पुढचं ऐक. शुक्रवारी मशिदीच्या अंगणात रांगा लागल्या. सगळ्यांनी हात कानापर्यंत नेले, आणि बुटक्या भिंतीच्या अलीकडे माझ्या दारात हा ताडकन बसला. मागच्या रांगेतल्या तिघांना हसू आवरेना, त्यांची नमाज तुटली. आता ते म्हणतात, हल्लूमाच्या कुत्र्यानं आमचं पुण्य खाल्लं.

कुत्रा घरात येत नाही. दारात झोपतो. माझा नाही, तुझा आहे, मी फक्त सांभाळते.

थेंब पाठव.

तुझी आजी,
हल्लूमा

(टीप: दारात झोपतो हे खरं. पण त्याच्याखाली सी सालहची अंगावर घ्यायची जुनी लोकरीची बर्नूस अंथरलेली असते. अम्मार.)

❖

ट्यूनिस,
६ एप्रिल १९९४

प्रिय आजी,

थेंब सोबत पाठवते आहे. रागावू नकोस. तू इद्दत संपेपर्यंत त्या घरात एकटी बसणार, दिसतं कमी, आणि ट्यूनिसला ये म्हटलं तर "तुझ्या जिन्याला माझे गुडघे घाबरतात" म्हणतेस. मग मी काय पाठवू?

काझी (नाव आम्हा सगळ्यांना आवडलं) आमच्याकडे आला तेव्हा कुणाला जवळ येऊ देत नव्हता. एका गोदामाच्या मागे तो साखळीला होता आणि जो येई तो त्याला मारी. हात वर गेला की तो भिंतीत घुसायला बघायचा. मी सबंध हिवाळा त्याच्यापासून लांब, पाठ करून बसले. मग हात वर करायचा आणि मारायचं नाही, पावाचा तुकडा टाकायचा. पुन्हा हात, पुन्हा तुकडा. एक दिवस मी हात वर केला आणि तो पळाला नाही, बसला. आजी, मी त्या दिवशी पिंजऱ्यात बसून रडले. माणसाचा हात म्हणजे मार नव्हे, एवढंच त्याला शिकवलंय. त्याला दुसरं काही येत नाही.

आता कामाचं. तुमच्या डोंगरापलीकडे पिसाळलेलं कुत्रं चावून एक मूल गेलं. तालुक्याहून बंदूकवाले निघणार आहेत, गावोगाव फिरून मोकळी कुत्री मारणार. आम्ही तिथल्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, लस टोचलेली कुत्री ओळखू येतील अशी खूण करा, त्यांना सोडू. म्हणून डॉक्टर लामीन पुन्हा येतील, लस आणि लाल पट्टे घेऊन. गावातली कुत्री हाती लागत नाहीत, तेव्हा ते आधी काही दिवस नुसते येऊन शीळ घालतील आणि डब्यातले मासे वाटतील. कुत्र्यांना गाडीची भीती वाटेनाशी झाली पाहिजे.

पट्टा काढू देऊ नकोस. काझीचा तर नाहीच.

तुझी,
दोर्साफ

❖

ऐन लूज़,
२० एप्रिल १९९४

पोरी,

तुझा डॉक्टर आला, शीळ घातली, मासे वाटले. इथल्या माणसांना सणालाही मासे दिसत नाहीत, आणि कुत्री गाडीमागे शेपूट हलवत वरात काढतात. आधी पांढरी गाडी दिसली की ती डोंगरात जायची. आता गाडी अजून वळणापलीकडे असते आणि ही रस्त्यावर येऊन उभी. लामीन म्हणतो, यालाच शिकवणं म्हणतात. मी म्हटलं, मासे द्या, आमचा सरपंचही शिकेल.

सगळ्यांना सुया टोचून झाल्या. लाल पट्टे फारच सुंदर होते. चामडं पक्कं, बक्कल पितळी. आता ते गावातल्या शेळ्यांच्या गळ्यात आहेत.

तोंड वासू नकोस. चांगला पट्टा कुत्र्याच्या गळ्यात ठेवणारी बाई या डोंगरात अजून जन्मायची आहे. मबरूकाच्या शेळीला तर असा शोभतो की शेळी आता कुणाशी बोलत नाही.

पण मबरूका लबाड असली तरी मठ्ठ नाही. तिचा काळा सराब तिच्या मेंढ्यांची राखण करतो, कोल्हा आला की एकटा भिडतो. तो मेला तर मेंढ्या गेल्या. ती दारात येऊन म्हणाली, "उम्मी, दुसरी काही खूण नाही का, जी चोरता येणार नाही?" मी म्हटलं, "मेंदी लावा. कपाळावर. महिनाभर जात नाही, आणि कुणाच्या शेळीला बांधताही येत नाही." बायकांना पटलं. ईदच्या मेंढ्यांसाठी मेंदी भिजवायचीच आहे, त्यातलीच थोडी. मी हसून म्हटलं, आमची कुत्री ईदच्या मेंढ्यांसारखी दिसतील, कोंबड्या पळवताना जरा तरी लाजतील.

तुझ्या साहेबांना चालेल का विचार.

हल्लूमा

(टीप: आमच्या घरच्या शेळीलाही पट्टा आहे. तो माझ्या बायकोनं घातला. अम्मार.)

❖

ट्यूनिस,
२८ एप्रिल १९९४

आजी,

तू आणि मबरूका मावशी आमच्या सगळ्या आश्रयघरापेक्षा हुशार! पत्र मी इथे मोठ्यानं वाचलं, लामीन तर पट्ट्यांचं ऐकून भिंतीला टेकून हसले. मेंदी नवरीच्या हाताला, मेंदी सुंता झालेल्या पोराच्या तळव्याला. जपायचं असतं त्यालाच आपण मेंदी लावतो. याहून चांगली खूण कुठली?

मी स्वतः साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान, मी माणसांना कपाळावरच्या मेंदीचं सांगून ठेवतो." बंदूकवाले मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे येतील.

सगळ्यांत आधी काझीला लाव. तो अनोळखी माणसाला बघून पळणार नाही, समोर जाऊन बसेल. त्याला ती खूण सगळ्यांहून जास्त हवी.

दोर्साफ

❖

ऐन लूज़,
४ मे १९९४

पोरी,

झालं. मबरूकानं परात घेतली आणि दारोदार फिरली. मी उंबऱ्यात बसून हुकूम सोडले. कुत्र्यांनी आधी मेंदी चाटली, मग एकमेकांची चाटली, शेवटी थकून उभी राहिली. सगळा गाव लग्नघरासारखा दिसतो. सराब तर सकाळपासून पाण्याच्या डोणीत तोंड बघतो आहे.

काळजी करू नकोस. झोप नीट घे. तुझ्या थेंबांनी डोळे चुरचुरतात, म्हणजे औषध खरं आहे.

हल्लूमा

(टीप: दोर्साफ बेटी, उम्मींनी पत्र संपवलं, मी संपवू शकत नाही. काझीला मेंदी लावलेली नाही. इद्दत चालू असलेल्या घरात मेंदीचा वाससुद्धा येता कामा नये, असं त्या म्हणतात. मी सांगितलं की बाईनं स्वतः लावू नये एवढंच आहे, कुत्र्याबद्दल किताबात काही नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या किताबात नसेल, माझ्या सासूच्या किताबात होतं. माझ्या नवऱ्याच्या दारात झोपणारा माझ्या घरचाच." इद्दत संपल्यावर लावू म्हणतात. ती संपेपर्यंत बंदूकवाले येऊन जातील. मी हे लिहिलं हे त्यांना सांगू नको. अम्मार.)

❖

ट्यूनिस,
८ मे १९९४

आजी!

हे पत्र मी तुमच्याकडे, काफला जाणाऱ्या बसवाल्याच्या हाती देते आहे, टपालावर विश्वास नाही. सगळ्या गावाला वाचवलंस आणि ज्याला मी हातानं वाढवलं त्यालाच उघडा ठेवलास? आजोबा असते तर त्यांनीच परात उचलली असती.

भांडण नंतर करू. आता एवढंच कर. मेंदी लावत नसशील तर त्याला घरात घे. आत, खोलीत, दार लावून. कुत्रा घरात आला की फरिश्ते येत नाहीत, माहीत आहे. काही दिवस नाही आले तर बिघडत नाही. गाडीचा आवाज आला तर दार उघडू नकोस. कुणीही हाक मारली तरी.

तो हात वर झाला की बसतो, आजी. बंदूक उचलतानाही हात वर जातो.

दोर्साफ

❖

ऐन लूज़,
१५ मे १९९४

दोर्साफ,

अम्मारला तीन वेळा बोलावलं आणि तीन वेळा परत पाठवलं. तोंड उघडत नव्हतं. माझं! आता सांगते, मधे थांबले तर तो थांबेल.

काझी घरात होता. तुझ्या आजाच्या पलंगाखाली. मी त्याला म्हटलं, फरिश्त्यांशी माझं मी बघते, तू गप्प पड.

जवाची कापणी चालू आहे, बापे-बाया सगळे खाली शेतात. गावात मी आणि कोंबड्या. उन्हं नुकती अंगणात आली होती. वळणापलीकडे गाडी वाजली. आणि कुत्री भुंकली. पोरी, ते भुंकणं चोराचं नव्हतं, कोल्ह्याचं नव्हतं. ते माशांचं होतं. गाडी पांढरी होती. कुणीतरी शीळ घातली, सहज, माणूस गाडीतून उतरताना घालतो तशी.

सगळी रस्त्यावर धावली.

पहिला बार झाला तेव्हा मी स्वतःला म्हटलं, पलीकडच्या वस्तीतलं एखादं बिनखुणेचं आलं असेल. मग दुसरा. मग मोजण्यासारखं राहिलं नाही. मी उंबरा ओलांडला. इद्दतीत, डोकं उघडं, अनवाणी. सालह मला विचारील तेव्हा मी त्याला उत्तर देईन.

सराब डोणीपाशी पडला होता. कपाळावरची मेंदी तशीच. पुढे अम्मारच्या घरची कुत्री, पिलांना पाजणारी. पुढे बाकीचे. माझे डोळे अधू, पण लाल रंग दिसतो.

त्यांचा म्होरक्या माझ्याच वयाला आलेला, दाढी पांढरी, बोलणं मऊ. म्हणाला, "बाजूला व्हा आजी, छर्रे उडतात." मी ओरडले, "आंधळा आहेस का? मेंदी दिसत नाही?"

तो म्हणाला, "दिसते ना. म्हणून तर."

मला कळेना. मी म्हटलं, "अरे, मेंदी लावली ती वाचवायला!"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं वेड्या माणसाकडे बघतात, दयेनं. मग त्यानं हात करून मबरूकाचं अंगण दाखवलं. तिथे खुंट्याला तिचा ईदचा मेंढा बांधलेला. कपाळावर मेंदी. पलीकडच्या अंगणात दुसरा. त्याच्याही कपाळावर. "आजी," तो म्हणाला, "मी पलीकडच्या खोऱ्यातला. आमच्याकडेही ज्याच्या कपाळावर मेंदी, तो कापायचा. साहेब म्हणाले, गावानं कपाळाला मेंदी लावून ठेवली आहे. आम्ही म्हटलं, चांगली माणसं, आमचं काम सोपं केलं. नाहीतर सकाळभर डोंगर पालथा घालतो. आज स्वतःहून आली."

त्यानं माझे आभार मानले, दोर्साफ. छातीवर हात ठेवून.

मी दोन्ही हात वर केले. आपल्या बायका मयताला करतात तसे. आवाज निघाला की नाही ठाऊक नाही. दार मी उघडंच टाकून आले होते. काझी बाहेर आला, त्या सगळ्यांच्या मधून चालत माझ्यापर्यंत आला, आणि माझ्यासमोर बसला. हात वर होते ना माझे. बसला आणि तोंडाकडे बघत राहिला. तुकडा कधी मिळतो म्हणून.

म्होरक्यानं त्याचं कपाळ बघितलं. म्हणाला, "हा कोरा. हा तुम्ही राखलेला दिसतो." आणि ज्या हातात बंदूक नव्हती त्या हातानं त्याच्या डोक्यावर थापटलं. आणि या मूर्खानं शेपूट हलवली.

बस. अम्मार, बस कर.

(टीप: पुढचं मी लिहितो. बायका शेतातून आल्या तेव्हा रस्त्यावर फक्त काझी जिवंत बसलेला होता. त्यांना काय वाटलं असेल ते तूच समज. मबरूका म्हणाली, "मेंदीची अक्कल हिची, आणि हिचाच तेवढा कोरा?" तेव्हापासून उम्मींच्या दारात कुणी आलेलं नाही. अम्मार.)

❖

ट्यूनिस,
१९ मे १९९४

आजी,

पत्र वाचून मी पिंजरे उघडे टाकून रस्त्यावर आले, असं लामीन सांगतात. मला आठवत नाही.

मी साहेबांकडे गेले. विचारलं, "तुम्ही माणसांना नेमकं काय सांगितलं?" ते म्हणाले, "कपाळावर मेंदी आहे ते सांगितलं." "आणि ती कशासाठी?" ते म्हणाले, "ते सांगायला हवं होतं? एवढं कुणाला कळत नाही?"

त्यांना कळत होतं. मला कळत होतं. त्या म्होरक्यालाही कळत होतं. मी नवरी बघितली, त्यानं मेंढा बघितला. दरवर्षी आपल्या अंगणात तोच मेंढा बांधलेला मी बघितलाय, लहानपणी त्याच्या कपाळावर बोट ओढलंय. तुझ्या पत्रात तो विनोद वाचून हसलेसुद्धा. तरी मला दिसलं नाही.

आणि गाडीची भीती आम्ही घालवली. ती भीती त्यांची होती, त्यांना जगवणारी. शीळ, मासे. लामीन आता कुठल्या कुत्र्यासमोर शीळ घालत नाहीत.

ईद झाली की काझीला न्यायला मी येते. तो दिसला की बायकांना तुझा राग येईल. त्या गावात तुला राहायचंय. त्याला मी इथे ठेवीन.

दोर्साफ

❖

ऐन लूज़,
२ जून १९९४

पोरी,

या ईदला ऐन लूज़मध्ये एकाही मेंढ्याच्या कपाळाला मेंदी लागली नाही. कुणी ठरवलं नाही. परात भिजलीच नाही. म्हातारे कुरकुरले, बायकांनी ऐकलं नाही.

माझी इद्दत संपली. आधी उंबरा ओलांडला तो धरायचा की नाही, अम्मार किताब बघतो आहे. बघू दे, त्याचा वेळ जातो.

ईदच्या तिसऱ्या दिवशी मबरूका आली. दहा-बारा दिवस जिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं ती. रात्री कोल्ह्यांनी तिच्या दोन मेंढ्या फाडल्या होत्या. राखायला सराब नव्हता. ती सरळ काझीकडे गेली. मी दारात होते, म्हटलं, "मबरूका, त्याचा काही दोष नाही." ती म्हणाली, "तू गप्प बस, तुझ्या मेंदीची फळं आम्ही खाल्ली." आणि तिनं हात उगारला. मारायलाच. मी या हाताला ओळखते, चाळीस वर्षं शेजारी आहे.

तो बसला.

ती हात वर धरून उभी. तो बसलेला. तिचा हात खाली येईना आणि त्याची नजर हलेना. शेवटी हात आला तो तिच्याच तोंडावर, आणि ती तिथे मातीत बसली, त्याच्या शेजारी. मी बाहेर गेले आणि दुसऱ्या बाजूला बसले. आम्ही दोघी म्हाताऱ्या, मधे काझी. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

ती म्हणाली, "माझ्या हातानं लावली गं. तो हलत होता, मी त्याला दटावलं, नीट उभा राहा."

मला एकही चेष्टा सुचली नाही. तू मला ओळखतेस, यावरून समज.

मग तिनं पदराच्या गाठीतून पावाचा तुकडा काढला आणि काझीपुढे टाकला. म्हणाली, "दोर्साफकडे अजून आहेत का असले, कुणाला नको असलेले?"

तेव्हा काझीला न्यायला येऊ नकोस, आण. गाडी भरून आण. सगळ्या दारांना राखणदार हवेत, बायकांनी माझ्यादेखत होकार दिला, आणि त्यांना नकोसे झाले तर मी आहे. गाडी पांढरी नको. मासे तर मुळीच नकोत.

आणि एक अट, अम्मार, हे जाड अक्षरात लिही. त्यांना हात वर झाल्यावर बसायला शिकवू नकोस. जे आधीच शिकलेत त्यांना विसरायला लाव, हिवाळाभर लागला तरी. इथे येण्याआधी त्यांना पळता आलं पाहिजे. हात वर झाला की पळ, शीळ आली की पळ, गोड बोलून कुणी छातीवर हात ठेवला तर मागे वळूनही बघू नकोस, एवढं त्यांना पक्कं येऊ दे.

काझीचं मी करून बघितलं. रोज हात वर करते आणि खेकसते, पळ रे मूर्खा! तो बसतो. त्याला आता दुसरं काही येणार नाही. तो एकटा बसणारा राहू दे. त्याच्यासमोर कोण उभं राहतं, ते मी दारात बसून बघत जाईन. थेंब मात्र पाठवत राहा, आता मला लांबचं दिसलं पाहिजे.

तुझी आजी,
हल्लूमा

(टीप: दुपारच्या नमाजाला आम्ही हात उचलले की भिंतीपलीकडे तो बसतो. हल्ली कुणी हसत नाही. आम्ही हात लवकर खाली घेतो. अम्मार.)